वाळूतले पांढरे दाणे

२७ ऑक्टोबर

आज वेदिका आली आणि तिने आमच्या स्वयंपाकघरातला लांब दांड्याचा चमचा स्वतः जाऊन आणला. कुठल्या खणात असतो ते तिला विचारावं लागलं नाही. मी या घरात आले तेव्हा तो चमचा सापडायला मला आठवडा लागला होता.

खरं लिहायचं तर तिने "घेऊ का गं?" असं विचारलं होतं. पण विचारेपर्यंत ती अर्ध्या वाटेत पोचली होती.

त्या चमच्याने तिने टाकीच्या काचेवरचं हिरवं खरवडलं. खाऱ्या पाण्याची ही टाकी संदेशची. पुढच्या खोलीत टीव्हीच्या जागी ठेवली आहे. आत दगड, वाळू, चार गोगलगायी आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या माशांची जोडी. गणपती झाल्यावर संदेश बोटीवर गेला, तेव्हा दारात म्हणाला, "आई आणि मासे तुझ्यावर सोडतोय." मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

वेदिका दोन घरं सोडून राहते. संदेशच्या वर्गात होती. टाकी दोघांनी मिळून उभी केली. तेव्हा मला दोघांचीही नावं माहीत नव्हती.

"हे केसाळ शेवाळ," ती म्हणाली. "सुरुवात आहे. घाबरू नकोस राही, सगळ्यांच्या टाकीत येतं."

"तुझ्या टाकीत आलं होतं?"

"माझ्या नाही." मग हसली. "मी आळशी गं. मी काही करतच नाही."

ती काचेसमोर बसली की दोन्ही मासे तिच्याकडे धावतात. ती गेल्यावर मी समोर बसले तर नुसते फिरत राहिले. मग मी चिमूटभर खाणं टाकलं. आले. बराच वेळ माझ्या बोटासमोर होते.

३० ऑक्टोबर

शेवाळ वाढलं. दगडांवर हिरवी लव आली आहे, पाणी हललं की केसांसारखी हलते.

कामावर, लॅबमध्ये, आज मॅडम म्हणाल्या, "राही, बाटलीवरचं नाव दोनदा वाचलं तरी पुरे, तू तीनदा वाचतेस." मी हसले. त्यांना काय सांगू? हातखंब्याच्या पलीकडे आमची वाडी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळा पुरी केली नाही. बाबा अजून अंगठा उठवतात. माझ्या हातून चूक झाली तर ती माझ्या एकटीची राहत नाही. 'मुलीला शिकवून काय झालं' असं म्हणायला टपलेल्या सगळ्यांची ती सोय होते.

वेदिकाचे वडील मुख्याध्यापक होते. त्यांच्या घरी भिंतीभर पुस्तकं. ती वाचता वाचता पुस्तक जमिनीवर पालथं टाकून उठते. मला ते बघवत नाही. आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

२ नोव्हेंबर

जुन्या दात घासायच्या ब्रशने सगळे दगड घासले. हात कोपरापर्यंत खारट. उपटलेलं शेवाळ नळीने ओढून काढलं. टाकी इतकी स्वच्छ दिसायला लागली, की आईंना म्हणजे सासूबाईंना हात धरून दाखवायला आणलं.

"बरी दिसते," त्या म्हणाल्या. "पण मासे बारीक झाल्यासारखे वाटतात गो. पोटभर घालतेस ना?"

"घालते आई."

"संदेशचे आहेत म्हणून विचारत्ये."

संध्याकाळी वेदिका येऊन गेली. नंतर मी थोडंसं टाकलं.

५ नोव्हेंबर

पुन्हा आलं. आधीपेक्षा दाट. लहान माशाचं शेपूट फाटल्यासारखं दिसतं.

संदेशचा फोन आला तेव्हा आवाज तुटत होता, पण एवढं नीट ऐकू आलं: "वेदिका म्हणते, मासे तिच्याकडे हलवूया. तिची टाकी स्वच्छ आहे. मी जानेवारीत आलो की परत आणू."

"तू तिच्याशी कधी बोललास?"

"काल. का?"

काल त्याने मला 'रेंज नाही' असा निरोप पाठवला होता. निरोप सकाळचा होता आणि तिच्याशी तो कदाचित रात्री बोलला असेल, हे मान्य.

मी म्हणाले, "देवदिवाळीपर्यंत थांब. तोवर शेवाळ गेलं नाही तर मी स्वतः नेऊन देईन."

"राही, मासेच आहेत गं. परीक्षा नाही."

त्याला काय माहीत! मासे तिच्याकडे गेले की तो आल्यावर पहिली पायरी कोणाच्या घराची चढेल? आणि या घरात माझ्यावर सोपवलेलं असं काय उरेल? आई तर माझ्याआधीही इथेच होत्या, वेदिकाच्या सोबतीने.

८ नोव्हेंबर

आता नीट शोधायचं ठरवलं. लॅबमध्ये करतो तसं. शेवाळाला खत कुठून तरी मिळतंय. टाकीतलं पाणी तपासलं, तर बाटलीतला रंग गडद निळा झाला. म्हणजे खत भरपूर. मग पांढऱ्या समुद्राच्या किनाऱ्यावरून भरतीच्या वेळी आणलेलं पाणी तपासलं. रंग नाहीच. उडालेल्या पाण्याच्या जागी आपण गोडं पाणी घालतो, तेही स्वच्छ. माशांच्या खाण्याच्या डबीवर लिहिलंय, दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. तेवढंच मी सकाळी घालते. वेदिका आलेली असेल त्या दिवशी वर थोडंसं होतं, ते धरण्यासारखं नाही.

बाहेरचं सगळं स्वच्छ, आणि आतलं घाण. म्हणजे मी नसताना टाकीत काहीतरी जातंय.

मी सकाळी लॅबमध्ये असते. वेदिकाचे क्लास दुपारचे. सकाळी ती मोकळी असते आणि आईंकडे येऊन बसते. हे नुसतं लिहून ठेवते आहे. याचा काही अर्थ आहे असं मी म्हणत नाही.

१० नोव्हेंबर

उजेड नसला की शेवाळ उपाशी मरतं असं वाचलं. दिवा बंद करून टाकीवर जाड गोधडी टाकली. तीन दिवस उघडायची नाही.

आईंना ते अजिबात आवडलं नाही. "काय गो हे! मेल्यावर झाकतात तसं?"

"माशांना काही होत नाही आई. रात्रीसारखंच."

"तीन दिवसांची रात्र? जल्लं मेलं ते शेवाळ. पोराचे मासे काळोखात कोंडलेस." आणि त्यांनी चक्क डोळ्यांना पदर लावला. मला एवढं कळेना, की माशांसाठी एवढं काय?

११ नोव्हेंबर

लॅबमधून आले तर गोधडीचा एक कोपरा उचललेला होता. परत खाली टाकताना दुमडलेला राहिला होता. मी घडी कशी घालते ते मला माहीत आहे.

"वेदिका आली होती?" मी विचारलं.

"आलेली ना," आई म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला लागल्या. तांदूळ काल निवडून झालेले होते.

१३ नोव्हेंबर

गोधडी काढली. शेवाळ फिकं पडलंय, जागोजागी सुटलंय. आणि मागच्या दगडाच्या आडोशाला, वाळूत, पांढरे लांबट दाणे! काही एकमेकांना चिकटलेले, वर बारीक बुरशीसारखी साय. शेजारीच एक गोगलगाय बसलेली होती, राखण करावी तशी.

अंडी आहेत. माझ्या टाकीत गोगलगायीने अंडी घातली!

टाकी वाईट असती तर घातली असती का? वेदिकाच्या त्या स्वच्छ टाकीत कधी अंडी झाल्याचं ऐकलं नाही. तिला सांगणार नाही. संदेशला फोटो पाठवला. त्याने तीन हसरे चेहरे पाठवले आणि लिहिलं, 'शाब्बास राहीबाई! इथे सगळ्यांना दाखवतोय.'

आज मला कोणाचाही राग नाही. माशांना सणासारखं थोडं जास्त घातलं.

१६ नोव्हेंबर

बोटीवर अंड्यांसाठी नावं सुचवायची स्पर्धा लागली आहे म्हणे. त्यांचे मुख्य इंजिनिअरही त्यात आहेत. फोनवर संदेश इतका हसत होता, आणि ते हसणं माझ्यामुळे होतं.

मग म्हणाला, "आणि तू शेवाळाचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. वेदिका म्हणाली, तुझा काही दोष नाही. त्या दिव्याचाच दोष आहे, जुना झालाय."

दिवा! दिव्याची काच मी रोज पुसते. तिला दिव्यातही खोट काढायची होती. तिने आमच्या घरातली खाण्याची डबी उचलून, हलवून, तळाशी किती उरलंय ते बघितलं होतं, तेही मला आठवलं. तेव्हा म्हणाली होती, "मासे काचेशी येतात ते माणसाच्या ओढीने नाही गं राही. त्यांना कायमच भूक लागलेली असते." म्हणजे माझ्याकडे नुसते भुकेने येतात. तिच्याकडे मात्र ओढीने येत असणार.

शेवाळ परत हिरवं होतंय. देवदिवाळी शुक्रवारी.

१९ नोव्हेंबर

आजच लिहायला हवं, नाहीतर उद्या मी माझ्या सोयीचं लिहीन.

लॅबमधलं यंत्र बिघडलं म्हणून मॅडमनी लवकर सोडलं. दारात वेदिकाच्या चपला. आत ती टाकीपुढे गुडघ्यांवर, बाही वर सारलेली, हात पाण्यात. नळीने वाळू ओढत होती. शेजारच्या बशीत माझे पांढरे दाणे.

"अंडी!" मी ओरडले. "काय करतेस?"

"कसली अंडी?"

"गोगलगायीची. सोड ती. संदेशला माहीत आहेत."

तिने बशीतला एक दाणा उचलला, बोटांत दाबला. तो चपटा झाला. "राही," ती अगदी हळू म्हणाली, "हा भात आहे गं."

मी बशीत पाहिलं. भातच होता. आयुष्यभर भात खाल्लेली मी, भातशेतीत वाढलेली, मला भात ओळखता आला नाही. बोटीवरची ती सगळी नावं माझ्या कानात वाजायला लागली.

आणि मी म्हणाले, "तूच टाकतेस. मी नसताना येतेस. गोधडीही तूच उचललीस. टाकी नासली की मासे तुझ्याकडे जातील, म्हणून. मासे आणि—" पुढचं मी बोलले नाही. पण तिला ते ऐकू आलं असणार.

वेदिकाने एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, पकडली गेली. ओला हात तिने आमच्या टॉवेलला न पुसता स्वतःच्या ओढणीला पुसला.

"तिला कशाला बोलतेस?" दारातून आवाज आला. आई उंबऱ्यात उभ्या होत्या. एका हाताने चौकट धरलेली. "मी घातलाय भात."

वेदिका म्हणाली, "काकी, राहू दे ना."

"नाय राहू देत. तिने तुझ्यावर आळ घेतलान." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घरातला माणूस पाण्यावर असला की पहिला घास पाण्याला. माझ्या सासूने घातलान, मी घातला. तुझे सासरे आयुष्यभर खलाशी. मेले ते घरच्या खाटेवर. उगाच?"

"पण टाकीत, आई?"

"मग कुठे? किनाऱ्याला ते मोठमोठे दगड आणून टाकलेत, लाटा अडवायला. माझे गुडघे ते दगड चढतात? बघितलं, घरातच समुद्राचं पाणी हाय. तूच आणतेस कॅन भरून, भरतीचं. त्यातच सोडला रोज घास. तू नसताना. वेदिकाने बघितलंन, म्हणालीन, काकी, भात नको, पाणी बिघडतं. मी म्हटलं, राहीला नको सांगू. तेव्हापासून येऊन काढत्ये बिचारी."

वेदिका कधी गेली ते मला कळलं नाही. बशी धुऊन पालथी ठेवून गेली होती.

२० नोव्हेंबर

रात्रभर एकच गोष्ट टोचत होती. भात नाही, बोटीवरचं हसंही नाही. आईंनी हे तिला कळू दिलं, मला नाही.

सकाळी चहा देताना विचारलं, "मी हसले असते असं वाटलं तुम्हाला?"

"हसली नसतीस गो," त्या म्हणाल्या. "समजावलं असतंस. ते जास्ती वाईट."

"वेदिकानेही समजावलंच ना?"

"ती एकदा सांगते नि सोडते. त्यांच्याकडे शिक्षण जुनं. तुझं कोरं करकरीत. तू सोडत नायस. त्या दगडांना ब्रश लावतेस तसा मला लावला असतास."

मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी त्यांना बाबांचं सांगितलं. बाबा शेतात भाकरीचं फडकं सोडलं की पहिला तुकडा बांधावर ठेवतात, राखणदार देवासाठी. कॉलेजात असताना मी एकदा त्यांना समजावलं होतं, तो तुकडा कावळा नेतो म्हणून. ते म्हणाले होते, "नेऊ दे की." हे मी या घरात कधी बोलले नव्हते. गावंढळ वाटेल म्हणून.

"कावळा तर कावळा," आई म्हणाल्या. "चहा गार झाला तुझा."

दुपारी संदेशचा फोन. आई शेजारीच बसलेल्या, ओठ घट्ट मिटून.

"कारण सापडलं," मी म्हणाले. "भात पडत होता टाकीत."

"भात? कोण टाकत होतं?"

"घरातलंच. आता बंद झालंय."

"आणि अंडी?"

"अंडी नव्हती."

मग तो जो हसत सुटला, तो लाईन तुटेपर्यंत. परत फोन लागल्यावर मी म्हणाले, "मासे इथेच राहतील. विचारत नाहीये, सांगतेय." तो "बरं बाई" म्हणाला. आईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

२१ नोव्हेंबर, देवदिवाळी

सकाळी वेदिका झाकणाची बादली घेऊन आली. मी टाकीसमोर जाऊन उभी राहिले. पण बादलीत तिने समुद्राचं पाणी आणलं होतं. "मासे न्यायला नाही आले. पाणी बदलूया," ती म्हणाली.

"माझं चुकलं परवा," मी म्हणाले.

"सोड गं."

तिने खरंच सोडलं. एका शब्दात. मी तिच्या जागी असते तर महिनाभर सोडलं नसतं. याचाही मला हेवा वाटला, हे लिहायला लाज वाटते.

संध्याकाळी आईंना स्कूटरवर बसवून भाट्याला नेलं. तिथे दगड चढावे लागत नाहीत, सपाट वाळू थेट पाण्यापर्यंत. त्या पहिल्यांदाच स्कूटरवर बसल्या होत्या. एका हाताने मला आणि दुसऱ्या हाताने भाताचा डबा धरला होता. पुलावर वारा लागला तेव्हा ओरडल्या, "हळू चालव गो, आमटी नाय, भात हाय, सगळा उडेल!"

घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून त्यांनी घास सोडला. ओठांतल्या ओठांत बोलत होत्या. संदेशचं नाव मला स्पष्ट ऐकू आलं. नंतर त्यांनी परत डब्यात हात घातला, अजून एक घास सोडला आणि अजून एक नाव घेतलं. छोटंसं नाव. लाटेमुळे नीट कळलं नाही. वेदिकाचं असेल.

मी विचारलं नाही.

२९ नोव्हेंबर

वाळूत आता भाताचं शीत नाही. मी रोज बघते. दगडांवरचं शेवाळ पुष्कळ गेलंय, गोगलगायी उरलेलं चरतात. लहान माशाचं शेपूट भरून येतंय. तपासणीच्या बाटलीतला निळा रंग मात्र फिका झाला तरी पूर्ण जाईना. भात बंद, तरी कुठून? विचार करून डोकं दुखलं.

आज वेदिका आली, काचेसमोर बसली, मासे नेहमीसारखे तिच्याकडे धावले. ती गेल्यावर मी फळीवर हात घातला तर डबी नव्हती.

"काय शोधतेस?" आई खाटेवरून म्हणाल्या.

"माशांचं खाणं."

"सकाळी घातलंस."

"थोडंसंच—"

"वेदिका उंबरा ओलांडून गेली की तुझा हात डबीकडे जातो. दिवाळीपासून बघत्ये मी इथून. ती आली की मासे दोनदा जेवतात."

मी फळीवरचा हात काढून घेतला. "मग बोलला का नाहीत?"

"मी भात घालत होते ना! कुठल्या तोंडाने बोलू?" त्यांनी उशीखालून डबी काढली, मला दाखवली आणि परत उशीखाली सारली. "आता ही माझ्याकडे. भाताचा डबा तुझ्याकडे. मागितलंस तरी द्यायची नाय. मी मागितला तर तू पण देऊ नको."

"आणि मासे माझ्याकडे आले नाहीत तर?"

"नाय आले तर नाय आले. मी हाय ना इथे."

संध्याकाळी भाताचा डबा माझ्या पिशवीत घेऊन आम्ही निघालो. वेदिका तिच्या फाटकाशी उभी होती, हातात पुस्तक.

"कुठे निघालात दोघी नटून? भाट्याला? मीपण येते की."

"स्कूटरवर दोघींचीच जागा आहे," मी म्हणाले.

आईंनी मागून माझ्या कमरेला चिमटा काढला. पण जागा दोघींचीच आहे. हे खरंच आहे.